कुणाचा रे तू?

दिवाळीत फराळाची ताटे शेजारीपाजारी पोचवण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असते. चकल्या पाडणे किंवा करंज्यांना मुरड घालणे ही कामे माझ्या हातून धड होत नाहीत, हे पस्तीस वर्षांच्या संसारात सिद्ध झालेले आहे. तेव्हा विणलेल्या रुमालाने झाकलेले ताट घेऊन या फाटकातून त्या फाटकात हिंडावे, दोन घटका गप्पा माराव्या आणि रिकाम्या ताटात चिमूटभर साखर घेऊन परत यावे, एवढेच माझ्या वाट्याला येते. या सदराला खाद्य मिळते तेही बहुधा याच फेरीत, हे आमच्या नेहमीच्या वाचकांनी एव्हाना ओळखले असेलच.

गेल्या दिवाळीत असाच ताट घेऊन पलीकडच्या बाईंकडे गेलो. बाई ख्रिस्ती. परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, स्पष्टवक्त्या, आणि आमच्या रत्नागिरीच्या मानाने जरा मोठ्यानेच हसणाऱ्या. दिवाळीत आमचे ताट त्यांच्याकडे जाते, नाताळात त्यांच्याकडून केक आणि करंज्या आमच्याकडे येतात. हा व्यवहार इतका जुना आहे की कुणाचे ताट कुणाकडे राहिले आहे याचा हिशेब आता दोन्ही घरांनी सोडून दिला आहे. त्या दिवशी मात्र बाई हसल्या नाहीत. करंजी तशीच हातात धरून म्हणाल्या,

"भाऊ, आमच्या देवळातले मधले बाक रिकामे पडलेत हो."

बाई आपल्या चर्चला देऊळच म्हणतात. मला आधी वाटले, बाकांना वाळवी लागली असेल. आमच्या दमट हवेत लाकूड टिकत नाही. पण दुखणे निराळे होते. "पुढच्या बाकांवर रविवारच्या शाळेतली पोरे बसतात," बाई सांगू लागल्या, "मागे आम्ही म्हातारी. मधे बसायची ती कॉलेजातली मुले. बारावीपर्यंत येतात, दृढीकरण होते, नवे कपडे घालून फोटो काढतात, आणि पुढच्या रविवारपासून दिसेनाशी होतात. जणू शाळा सोडल्याचा दाखलाच मिळाला!"

मग बाईंनी मंडळीने केलेल्या उपायांची यादी सांगितली. (आमच्याकडे 'मंडळी' म्हटले की बायको, यांच्याकडे मंडळी म्हणजे चर्चची सगळी माणसे. बाई पहिल्यांदा "आमची मंडळी भांडते" असे म्हणाल्या तेव्हा माझा भलताच घोटाळा झाला होता.) तर या मंडळीने गिटार आणली. ध्वनिक्षेपक आणला. तरुणांचा मेळावा भरवला, बक्षिसे ठेवली, शेवटी बटाटेवडे ठेवले. मुले आली, गिटार ऐकली, वडे खाल्ले आणि गेली. पुढच्या रविवारी बाक पुन्हा रिकामे.

मी समजुतीने मान हलवली. आमच्याकडे तरी काय निराळे आहे? आमचा मुलगा पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. घरी आला की आईच्या समाधानासाठी देव्हाऱ्यापुढे उभा राहतो. पण डोळे मिटलेले असतात ते भक्तीने की रात्रीच्या जागरणाने, हे देवालाच ठाऊक. "काळच असा आहे," असे मी म्हणालो. बाईही "काळच असा आहे" असे म्हणाल्या. काळाला दोष दिला की दोन्ही पक्षांना बरे वाटते, कारण काळ उलटून काही बोलत नाही. मी साखर घेऊन घरी आलो.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. आम्ही दोघे हे सुस्कारे टाकत होतो त्या वेळी, आमच्याच घराच्या वरच्या खोलीत, कॉलेजातला एक एकोणीस वर्षांचा ख्रिस्ती मुलगा एकटा बसून बॅग भरत होता.

रत्नागिरी हे आता विद्यार्थ्यांचे गाव झाले आहे. १९४५ साली इथे कॉलेज निघाले तेव्हा कोकणातल्या मुलांना शिकायला मुंबईलाच गेले पाहिजे ही सक्ती संपली, याचे केवढे अप्रूप वाटले असेल! पुढे १९८१ साली शिरगावला मत्स्य महाविद्यालय आले, नव्वदीत अभियांत्रिकीचे शिक्षण आले, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, आणि उलटी गंगा वाहू लागली. नगर, सांगली, वसई, कुठकुठली मुले पाठीवर पिशव्या अडकवून इथे उतरू लागली. आम्ही रत्नागिरीकरांनी काय केले? वरच्या खोल्यांना रंग दिला आणि भाडे ठरवले.

हा मुलगा नगरकडच्या एका खेड्यातला. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आलेला. आडनाव आपल्यातलेच, त्यामुळे तो ख्रिस्ती आहे हे आम्हाला दोन महिने कळलेही नव्हते. मी त्या दोन महिन्यांत त्याच्याशी तीनदा बोललो होतो. एकदा भाड्याविषयी, एकदा पाण्याच्या पंपाविषयी आणि एकदा फाटकाला रात्री कडी लावण्याविषयी.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आमच्या सौभाग्यवती गच्चीवर कपडे काढायला गेल्या. खोलीचे दार उघडे होते. खानावळीचा डबा न उघडता दारापाशी होता. तो त्या दिवसाचा नव्हे, आदल्या दिवसाचा. आत बॅग बांधलेली, आणि मुलगा कॉटवर बसलेला. "घरी निघालास वाटतं दिवाळीला?" हिने विचारले. तो म्हणाला, "कायमचाच निघालोय, काकू." आणि मग एकदम त्याला रडू फुटले. एकोणीस वर्षांचा मुलगा मोठ्याने रडतो तेव्हा घरातल्या माणसाला काय करावे ते सुचत नाही. हिने त्याला खाली आणले, ओटीवर बसवले, आणि चहा करण्याच्या निमित्ताने स्वतः आत जाऊन डोळे पुसून आली.

हळूहळू सगळे बाहेर आले. तीन विषय सुटणार नाहीत अशी त्याची खात्री झाली होती. शिकवणे इंग्रजीतून, वर्गात समजत नाही हे कुणाला सांगायची लाज. फीसाठी वडिलांनी कर्ज काढलेले, त्यामुळे घरी सांगायची सोय नाही. पण या सगळ्याहून निराळेच एक वाक्य तो बोलला, ते अजून माझ्या कानांत आहे. म्हणाला, "काका, माझं नाव घेऊन मला कुणी हाक मारली, त्याला तीन आठवडे झाले."

"इथं तुमचं चर्च आहे ना रे?" हिने विचारले.

तो गेला होता. आल्या आल्या पहिल्याच रविवारी, धुतलेला सदरा घालून गेला होता. कुठल्या चर्चमध्ये ते विचारू नका. गावात एकाहून अधिक आहेत, आणि जे घडले ते कुठेही घडले असते. तो एका बाकावर बसला तर एका बाईंनी हळूच सांगितले, ही जागा अमक्यांची आहे. तो मागे सरकला. उपासना झाली. बाहेर अंगणात सगळे घोळके करून उभे राहिले, हा एकटा चपला घालत राहिला. शेवटी एका वृद्ध गृहस्थांनी जवळ येऊन विचारले, "कुणाचा रे तू?"

वाचकहो, आपल्या कोकणातला हा पहिला प्रश्न. तो विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. माणसाला कुठल्या तरी घराच्या, वाडीच्या खुंटीला अडकवल्याशिवाय आपल्याला त्याच्याशी बोलताच येत नाही. मुलाने नाव सांगितले, गाव सांगितले. गृहस्थांनी बरीच आठवण करून पाहिली, कुणी सोयरा निघाला नाही. "बरं बरं. येत जा," असे म्हणून ते पुन्हा आपल्या घोळक्यात गेले. दुसऱ्या रविवारी त्याच गृहस्थांनी पुन्हा विचारले, "कुणाचा रे तू?" तिसऱ्या रविवारी मुलगा झोपून राहिला. त्याला घालवून कुणीच दिले नव्हते, आणि तो गेल्याचे कुणाला कळलेही नव्हते.

ही पलीकडे गेली आणि बाईंना घेऊन आली. मला वाटले, आता बाई त्याला देवावर भरवसा ठेवण्याविषयी चार शब्द सांगणार. पण परिचारिकेच्या नजरेने त्यांनी त्याला नीट पाहिले आणि विचारले, "जेवलास कधी?" मग हिने वाढलेला भात त्याने खाल्ल्यावर, त्याची बोटे पाटाच्या कडेवर ठेका धरीत होती तिकडे बोट करून म्हणाल्या, "ढोलकी वाजवतोस ना? मग नाताळापर्यंत कुठे जायचं नाही. आमचा ढोलकीवाला नोकरीला लागून गेलाय. भजनाला ठेका कोण धरणार? मी धरू?" मुलगा रडता रडता हसला. बॅग सोडली गेली ती त्या ढोलकीमुळे. पण त्याच रात्री बाईंनी त्याला समोर बसवून घरी फोनही करायला लावला, हेही सांगितले पाहिजे. वडील पलीकडून एवढेच म्हणाले, की नापास झालास तरी चालेल, पण दोन दोन दिवस जेवल्याशिवाय राहू नकोस.

ज्या भजनांना तो ठेका धरणार होता ती बहुतेक रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. हे टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावात १८६१ साली जन्मलेले. १८९५ साली मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी लक्ष्मीबाईंना जे सोसावे लागले ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. त्या धर्मांतराचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला आठवतो तो त्याच्या दोन वर्षे आधीचा, १८९३ सालचा आगगाडीतला प्रसंग. नागपूरहून राजनांदगावला जाताना टिळकांच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. साहेबी अमदानीचे ते दिवस. पण या गृहस्थांनी बाजूला सरकून टिळकांना जागा करून दिली आणि संस्कृत काव्याविषयी आपुलकीने बोलणे काढले. धर्माची गोष्ट निघाली ती नंतर. आधी बाकावर जागा झाली होती.

पुढे टिळकांनी आपल्या मंडळीला मराठी गळा दिला. परदेशी चालींवर अडखळत गाणाऱ्या लोकांना त्यांनी अभंग दिले, भजने दिली. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा त्यांच्याही आधीची होती. टिळकांनी तिच्यात जीव ओतला. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्यांनाही होती.

पण तरुणांना कसे वागवावे हे पाहायचे तर टिळकांच्या नगरच्या घरात डोकावावे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तिथे सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या कवितेने सगळ्यांना थक्क केले. त्र्यंबक बापूजी ठोमरे त्याचे नाव. त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली ती तिथेच. टिळकांनी या पोराला आपल्या घरी नेले. तो तिथे मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला खाऊपिऊ घातले, रागे भरल्या, त्याच्या रुसव्याफुगव्यांचे कौतुक केले. पाळकाच्या घरात राहून ठोमरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि त्यावाचून त्या घराचे काही अडले नाही. मुलगा आपला होण्यासाठी त्याने आधी आपल्यासारखे व्हावे, अशी अट त्या घरात नव्हती.

असो. आता आमच्या ढोलकीवाल्याकडे वळू.

नाताळ पार पडला. त्या रात्री मीही सहकुटुंब मागच्या बाकावर बसून भजने ऐकून आलो. ठेका झकास होता. पण बाईंनी तेवढ्यावर थांबू दिले नाही. ढोलकी ज्या खोलीत ठेवतात तिची किल्ली मुलाच्या हवाली करावी असे त्यांनी पंचांपुढे मांडले. तिथे ठिणगी पडली. "आज आलेला मुलगा, चार वर्षांनी निघून जाणार. त्याच्या हाती किल्ली?" असे एका ज्येष्ठांनी विचारले. बाई म्हणाल्या, "चार वर्षे म्हणजे दोनशे रविवार होतात. आपल्यापैकी किती जण त्याहून जास्त रविवार धरून बसलेत?" बैठकीतली सगळीच माणसे सत्तरीच्या आसपासची, त्यामुळे हा हिशेब कुणाला खोडता आला नाही. किल्ली मिळाली.

किल्लीबरोबर जबाबदारी आली, आणि जबाबदारीबरोबर प्रश्न आले. कॉलेजातला मुलगा प्रश्न विचारणारच. पृथ्वी सहा दिवसांत झाली म्हणता तर भूगर्भशास्त्राचे काय? देव दयाळू तर गावाकडे पाऊस का नाही? तरुण पाळकांनी यांतल्या एका प्रश्नाला सरळ उत्तर दिले, "मलाही नक्की सांगता येत नाही. शनिवारी संध्याकाळी ये, दोघं मिळून वाचू." मुलगा मला हे सांगायला धावत खाली आला. त्याला उत्तर मिळाल्याचा आनंद नव्हता. मोठ्या माणसाला 'मला ठाऊक नाही' म्हणताना त्याने पहिल्यांदा ऐकले होते. पुढच्या शनिवारी तो वर्गातल्या दोघा मित्रांना घेऊन गेला. त्यांतला एक तर आमच्यातलाच होता.

मग शिमगा आला. रत्नागिरीचा शिमगा ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी निघते आणि सारे गाव रस्त्यावर लोटते. मी मुलाला घेऊन गेलो होतो. ढोलांच्या गजरात पालखी खांद्यांवर नाचत होती. खांदे बदलत होते, घाम निथळत होता, पण पालखी खाली टेकत नव्हती. मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, एवढी तरुण मुलं एरवी देवळात कुठं दिसतात?"

नाहीच दिसत. यांतली निम्मी मुंबईला असतात, उरलेली असून नसल्यासारखी. वर्षभरात कुणी घंटेला हात लावला नसेल. पण शिमग्याला रजा मिळाली नाही तर साहेबाशी भांडतील, रेल्वेत उभ्याने प्रवास करतील, आणि पहाटे घरी पिशवी टाकून सहाणेकडे पळतील. त्यांना कुणी बटाटेवड्यांचे आमिष दाखवत नाही. प्रवचनही कुणी करत नाही. पालखीला खांदा हवा असतो, आणि तो म्हाताऱ्यांचा चालत नाही. आपल्यावाचून देवाचे अडते, हे त्या मुलांना शिमग्यात कळते. इतर दिवशी आपण त्यांना काय सांगतो? चपला बाहेर काढ, रांगेत उभा राहा, हात जोड, प्रसाद घे आणि बाजूला हो!

गिटारीने जे साधले नाही ते ढोलकीने का साधले, हे मला त्या गर्दीत उमगले. गिटार मुलांसाठी आणली होती. ढोलकीला मुलगा हवा होता.

ही काही आमच्या कोकणाचीच अक्कल नव्हे. आपल्याकडचा मुलगा पूर्वी बोटीने मुंबईला नोकरीला जायचा तेव्हा त्याच्या खिशात गावकऱ्याच्या नावाची चिठ्ठी असायची. लालबाग-गिरगावाकडे गावकीची खोली असायची. दाटीवाटीने का होईना, वळकटी पसरायला तिथे हक्काची जागा मिळायची, आणि तो आजारी पडला तर गावाला कळायचे. लंडनमध्ये गावाकडून आलेल्या दुकानी नोकरांची अशीच आबाळ होत होती. तिथे १८४४ साली कापडाच्या पेढीवरच्या जॉर्ज विल्यम्स नावाच्या नोकराने आपल्यासारख्याच काही मित्रांना जमवून एक मंडळ काढले. तीच आजची जगभर पसरलेली वाय.एम.सी.ए.; मुंबईत ती १८७५ साली आली. ती काढली तेव्हा विल्यम्सचे वय होते बावीस. तरुणांसाठी काय करावे याचा विचार तिथे तरुणानेच केला होता.

थोरांना हे उमगायला वेळ लागतो, पण उमगते. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली रोमला जगभरचे बिशप बोलावले ते तरुणांच्या प्रश्नावर विचार करायला. त्याआधी मार्चमध्ये निरनिराळ्या देशांतल्या सुमारे तीनशे तरुणांना बोलावून त्यांचे ऐकून घेतले होते. पुढच्या वर्षीच्या पत्रात त्यांनी लिहिले त्याचा आशय असा, की तरुण हे चर्चचे केवळ उद्याचे धन नव्हे. ते आजचेच आहेत. फ्रान्समधल्या तेझे नावाच्या खेड्यात १९४० साली ब्रदर रोजे यांनी एक मठ काढला. तिथे दर वर्षी हजारो तरुण जातात. त्यांची करमणूक म्हणावी तर तिथे काय मिळते? जमिनीवर बसून गायची दोन दोन ओळींची पदे, आपल्या नामस्मरणासारखी पुन्हा पुन्हा म्हटलेली, आणि मग बराच वेळ शांतता. मुलांना गोंगाटच हवा असतो हा आपला समज आहे. हॉटेलात गोंगाट त्यांना पुरेसा मिळतो.

दूर कशाला, आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाहा. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते वारले. वसईची हिरवी शेते आणि पाणी वाचवण्यासाठी ते रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्यामागे माणसे निघाली. ज्या धर्माला आपल्या गावच्या विहिरीची काळजी आहे, तो तरुणाला पोथीतून बाहेर आलेला दिसतो.

आता बाईंनी गेल्या वर्षभरात आपल्या मंडळीकडून जे करून घेतले ते सांगतो. त्यात खर्चाची बाब एकही नाही. जून-जुलैत कॉलेजे उघडली की पहिले चार रविवार फाटकापाशी दोन माणसे उभी असतात. त्यांतला एक विद्यार्थीच असतो. 'कुणाचा रे तू' असे विचारायला बंदी आहे. नाव विचारायचे, आणि दुसऱ्या रविवारी ते लक्षात ठेवायचे. नवा मुलगा किंवा मुलगी आली तर त्या दुपारचे जेवण कुणाच्या तरी घरी. हॉटेलात नव्हे, घरी. माशाचे कालवण आणि भात, जे काही असेल ते. परीक्षेच्या दिवसांत उपासनेला आले नाही म्हणून कुणी टोमणा मारायचा नाही, उलट डबा पोचवायचा. पंचांच्या बैठकीत दोन विद्यार्थी, आणि तेही नुसते खुर्च्या मांडायला नव्हेत, मत द्यायला. आणि शिक्षण संपवून मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला निघाला, की तिथल्या मंडळीच्या पाळकांना आधी कळवायचे, हा आमचा मुलगा येतो आहे. पूर्वीची खिशातली चिठ्ठीच ही.

बाईंचे मधले बाक भरले का? नाही. खोटे कशाला सांगू? दोन बाकांवर मिळून सात-आठ मुले बसतात, आणि कधी कधी तीनच. आमच्या ढोलकीवाल्याचे तीन विषयांपैकी दोन सुटले, एक अजून लोंबकळतो आहे. पण बाई आता काळाला दोष देत नाहीत.

या गोष्टीतला दोष मी चर्चवर ढकलून मोकळा होणार नाही. या गावाला दार उघडण्याची किंमत ठाऊक आहे. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी इथे भागोजीशेठ कीरांनी बांधलेले पतितपावन मंदिर सगळ्या जातींसाठी खुले झाले. त्यामागे सावरकरांचा आग्रह होता, आणि त्या काळी या गावात नुसती दारे उघडली नाहीत, एकत्र पंगतीही बसल्या. दार उघडले आणि पान वाढले नाही तर आलेला माणूस उंबऱ्यावरच उभा राहतो, हे आमच्या आजोबांच्या पिढीला कळले होते. मी मात्र दोन महिने माझ्याच जिन्यावरून वर जाणाऱ्या मुलाला पाण्याच्या पंपाखेरीज काही विचारले नाही. आपल्या मुलाला पुण्यात कुणी जेवलास का म्हणून विचारते की नाही याची काळजी करीत आम्ही नवराबायको खाली बसलो होतो, आणि कुणाचा तरी मुलगा आमच्या डोक्यावर उपाशी होता.

यंदाच्या फराळाची तयारी चालू आहे. चकल्यांचा वास ओटीवर येतो आहे. हे लिहीत असतानाच ढोलकीवाला जिना उतरून आला. म्हणाला, "काका, कॉलेजात पहिल्या वर्षाला एक नवा मुलगा आलाय, चंद्रपूरकडचा. दिवाळीला घरी जाणं परवडत नाही त्याला. खोलीत एकटाच असतो. ख्रिस्ती नाहीये. उद्या पहाटे अभ्यंगस्नानाला आणू का त्याला इकडं?"

मी आत हाक मारून सांगितले, एक पाट जास्त मांडा. आतून उत्तर आले, "मांडलाय. नाव काय त्याचं, ते आधी विचारून घ्या."